पुसायची पाटी, राखायची पाटी

गेल्या पावसाळ्यात सोलापूरहून आपाचा फोन आला. भाचीला बी. फार्म.ला प्रवेश मिळाला होता आणि नेमकी त्याच महिन्यात आपाची भिशी लागली होती. दुल्हाभाई टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. भिशीचे पैसे एकदाच हातात येतात, आणि त्यातून घेतलेली वस्तू पुढची चार वर्षं पुरवावी लागते. मोठा भाचा म्हणत होता लॅपटॉप घ्या. दुकानदारही तेच म्हणत होता. भाचीचं म्हणणं वेगळं होतं.

"मामू, मला मोठा टॅब पाहिजे. पेनवाला, कीबोर्ड जोडता येतो तो. सगळे म्हणतात ते खेळणं आहे. तुम्ही सांगा, अभ्यासाला चालेल की नाही?"

मी तिला म्हटलं, आठ दिवस दे. मी काही यंत्रातला जाणकार नाही. भाषांतरं करतो, इतिहासाची जुनी पुस्तकं चाळतो, आणि अधूनमधून तुमच्यासाठी इथं लिहितो. त्यामुळे शोध सुरू झाला दुकानातल्या किमतींपासून, आणि जाऊन थांबला दहाव्या शतकातल्या दमास्कसला. वाचकहो, हा फेरा मला फुकट गेला असं वाटत नाही. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं.

आधी घरातली गोष्ट सांगतो. आमचे अब्बा कातिब होते. कातिब म्हणजे उर्दूचा सुलेखनकार. वर्तमानपत्राचा मजकूर, लग्नाचे रुक्के, जलशांची पोस्टरं, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांच्या हातून लिहून जायचं. माझं पहिलं लिखाण मक्तबमध्ये लाकडी तख्तीवर झालं. रोज संध्याकाळी तख्ती नळाखाली धुवायची, तिला मुलतानी माती फासायची, वाळवायची, सकाळी तिच्यावर रेघा आखायच्या आणि बोरूने लिहायचं. दौतीत चिंधी असायची, म्हणजे बोरू जास्त शाई उचलत नसे. पलीकडच्या गल्लीतल्या मराठी शाळेत तख्ती नव्हती, दगडी पाटी होती. दसऱ्याला त्या मुलांच्या पाट्यांवर सरस्वती निघायची, आणि आम्ही ती पाहायला जायचो. दोन्ही पाट्यांचा धर्म मात्र एकच होता : लिहायचं आणि पुसायचं. दगडी पाटीच्याही आधी महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळांत धुळपाटी होती. फळीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, आणि हात फिरवला की अक्षर गेलं.

या पाटीची एक जुनी नोंद अल्बेरुनीने करून ठेवली आहे. ख्वारिज्मचा हा विद्वान संस्कृत शिकला आणि १०३०च्या सुमारास त्याने 'किताबुल हिंद' पुरी केली. आपल्याकडच्या लेखनसाहित्याबद्दल सांगताना तो लिहितो की इथली मुलं शाळेत काळ्या पाट्या वापरतात, त्यांवर पांढऱ्या वस्तूने लिहितात, आणि पाटीच्या रुंदीच्या बाजूने न लिहिता लांबीच्या बाजूने लिहितात. म्हणजे पाटी आडवी धरतात. एक हजार वर्षांपूर्वीच्या प्रवाशाला पाटी उभी धरली की आडवी, हे टिपून ठेवावंसं वाटलं. आज टॅब विकत घेणारा माणूस याच गोष्टीवर अडतो, कारण वाचायला पाटी उभी लागते आणि कीबोर्ड जोडला की आडवी.

भारतातून अरबांकडे अंक गेले हे आपण शाळेत शिकतो. त्या अंकांबरोबर पाटीही गेली, हे सहसा शिकवलं जात नाही. आपल्याकडे अंकगणिताला पाटीगणित म्हणत, धूलिकर्म म्हणत. अरबी-फारसी ग्रंथांत त्याचं नाव झालं तख्ताचा हिशेब. तख्त म्हणजे फळी. आमच्या मक्तबची तख्ती हे त्याच शब्दाचं लेकरू. धुळीला अरबीत 'गुबार' म्हणतात, म्हणून त्या आकडेमोडीला 'हिसाब अल-गुबार' असंही नाव पडलं.

धुळीवरच्या गुणाकाराची रीत विचित्र वाटेल. समजा २७ला ३४ने गुणायचं आहे. दोन्ही संख्या धुळीत लिहायच्या. जसजसा गुणाकार होईल तसतसा जुना आकडा बोटाने पुसून त्याच जागी नवा लिहायचा, खालची संख्या एक घर सरकवायची, पुन्हा पुसायचं, पुन्हा लिहायचं. शेवटी ९१८ उरतात. सुरुवातीची २७ ही संख्यासुद्धा उरत नाही. उत्तर चुकलं तर कुठं चुकलं हे सांगायला पाटीवर काहीच शिल्लक नसतं. पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं.

दमास्कसमध्ये हिजरी ३४१ साली, म्हणजे इ. स. ९५२-५३मध्ये, अबुल हसन अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने हिंदी गणितावर एक ग्रंथ लिहिला. 'उक्लिदिस' म्हणजे युक्लिड. त्याच्या ग्रंथाच्या प्रती करून विकण्याच्या धंद्यावरून हे नाव पडलं असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे हाही एका अर्थी कातिबच. हिंदी अंक त्याला फार आवडले होते, पण धुळीची फळी आवडली नव्हती. तिची एक अडचण त्याने अशी सांगितली आहे की रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोक ही फळी घेऊन बसतात, तेव्हा ती हातात दिसली की लोक आपल्यालाही त्यांच्यातलाच समजतात. मग त्याने हिंदी रीतीच शाई आणि कागदाला जुळतील अशा बदलून दाखवल्या. काही पुसायचं नाही, काही सरकवायचं नाही. प्रत्येक पायरी कागदावर राहील. दशांश अपूर्णांकांचा आज माहीत असलेला सर्वांत जुना वापर याच ग्रंथात आहे. ग्रंथाची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, इस्तंबूलला.

आकडे तेच होते. बदलली ती पाटी, आणि पाटी बदलली म्हणून रीत बदलली. आज आपण वहीत पायऱ्या मांडून गुणाकार करतो आणि मास्तर त्यातली चुकलेली पायरी लाल शाईने दाखवतात, हे पुसण्याच्या पाटीवर शक्यच नव्हतं.

पण सवय सहज सुटत नाही. अल-उक्लिदिसीनंतर तीनशे वर्षांनी नसीरुद्दीन तूसीने, ज्याने मराग्याची वेधशाळा उभारली त्याने, अंकगणितावर पुस्तक लिहिलं तेव्हाही त्याच्या नावात तख्त आणि तुराब, म्हणजे फळी आणि माती, हे दोन शब्द होतेच. त्याला कारणही आहे. कागद महाग होता आणि धूळ फुकट होती. शिकणारा पोरगा शंभर वेळा चुकतो, त्याला पुसण्याचीच पाटी परवडते. जाणकाराला मागे वळून तपासायचं असतं, त्याला राखण्याची पाटी लागते. हजार वर्षं विद्यार्थ्याची पाटी आणि जाणकाराची वही अशा दोन वेगळ्या वस्तू राहिल्या, त्या यामुळे.

आता कीबोर्डकडे येतो, कारण भाचीला पेनाबरोबर तोही हवा होता.

कीबोर्डच्या आधी खिळे आले. खिळ्यांना सुटी, सरळ उभी, एकसारखी अक्षरं आवडतात. विल्यम कॅरेने सेरामपूरला १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरीत. १८१०मध्ये शब्दकोश छापला, त्यासाठी मोडीचे खिळे पाडले होते. पण हात न उचलता भरभर लिहायची मोडी खिळ्यांत कधी रमली नाही. छापखान्यात बाळबोध टिकली, मोडी दप्तरात राहिली आणि पुढे दप्तरातूनही गेली. उर्दूच्या नस्तालीक लिपीचं दुखणं याहून मोठं. तिच्यात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो आणि शेजारी कोणतं अक्षर आहे त्याप्रमाणे प्रत्येक अक्षराचा आकार बदलतो. ती खिळ्यांत बसेना. म्हणून उर्दूने शिळाछापाचा आधार घेतला. जर्मनीत अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेलं हे तंत्र. खास कागदावर हाताने लिहायचं, ते दगडावर उमटवायचं आणि दगडावरून प्रती काढायच्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये मराठी पंचांग छापलं तेही शिळाछापावरच. मराठी पुढे खिळ्यांकडे गेली. उर्दू मात्र हातावर, म्हणजे कातिबांवर, आणखी दीडशे वर्षं चालली.

ते दिवस १९८१मध्ये संपायला लागले. त्या वर्षी लाहोरच्या 'जंग' दैनिकाने संगणकावर जुळवलेल्या नूरी नस्तालीकमध्ये अंक काढला. मिर्झा अहमद जमील या सुलेखनकाराने त्यासाठी हजारो जोडाकृती हाताने लिहून काढल्या होत्या. १९९४मध्ये भारतात 'इनपेज' आलं आणि सोलापूरसारख्या गावातल्या साप्ताहिकालाही कातिब नकोसा झाला. अब्बांच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा तीन महिन्यांत इनपेज शिकला आणि अब्बांच्या दुप्पट वेगाने पानं लावू लागला. अब्बांनी त्याला कधी बोल लावला नाही. ते एवढंच म्हणायचे, "कळ दाबली की अलिफ सगळ्यांचा सारखाच येतो."

मी कीबोर्डच्या विरुद्ध नाही. माझं पोट त्याच्यावर आहे. दोनशे पानांचं भाषांतर हाताने लिहून पुन्हा सुधारायचं म्हटलं तर माझं आयुष्य पुरणार नाही. मजकूर हलवणं, शोधणं, दुसऱ्याला पाठवणं हे सगळं कळांनी दिलं. पण कळ जे मागते ते द्यायला सगळी कामं तयार नसतात. रसायनशास्त्रातली षट्कोनी कडी, भूमितीची आकृती, हृदयाची झडप, घराचा नकाशा, न्यायालयाच्या निकालाच्या पानाशेजारी काढलेला बाण, यांना कळ नाही. जिथं काम शब्दांचं असतं तिथं कीबोर्ड धावतो. रेघ, आकृती आणि समास आला की तो थांबतो आणि हात पुढे येतो.

हे संगणक बनवणाऱ्यांनाही फार लवकर कळलं होतं. उंदीर, म्हणजे माऊस, घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधी, १९६४मध्ये अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशनने एक लेखनफलक बनवला होता. सुमारे दहा इंच लांब आणि तेवढाच रुंद. त्यावर पेनाने लिहिलं की अक्षर समोरच्या पडद्यावर उमटायचं. १९७२मध्ये अ‍ॅलन के या संशोधकाने 'डायनाबुक'ची कल्पना मांडली : वहीएवढा, काखेत मारून नेता येईल असा, कळफलक असलेला संगणक. तो त्याने कचेरीसाठी कल्पिला नव्हता, मुलांसाठी कल्पिला होता. तो बनला नाही. १९८९मध्ये 'ग्रिडपॅड' आला, पेनाचा, पण दोन किलोंचा. १९९३मध्ये अ‍ॅपलचा 'न्यूटन' आला आणि हस्ताक्षर ओळखताना त्याने केलेल्या चुकांवर अमेरिकेत विनोद झाले. २००२मध्ये मायक्रोसॉफ्टने टॅबलेट पीसी आणले. ते जड होते आणि महागही होते.

मग २००७मध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवताना स्टायलसची खिल्ली उडवली, आणि २०१०चा आयपॅड बोटांसाठीच निघाला. पाहायला, वाचायला, खेळायला उत्तम, लिहायला नाही. टॅब म्हणजे खेळणं हा आपल्या घरांतला समज तेव्हापासूनचा आहे, आणि तेव्हा तो खोटा नव्हता. २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'सरफेस' पाठीला टेकू आणि झाकणात कीबोर्ड घेऊन आला. २०१४मध्ये त्याचा बारा इंचांचा अवतार आला. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलनेही १२.९ इंचांचा आयपॅड प्रो पेन्सिल आणि कीबोर्डसकट विकायला काढला. सॅमसंगने २०२२मध्ये १४.६ इंचांपर्यंत मजल मारली.

सगळे मोठे का होत गेले? यात मला कागदाचा हात दिसतो. आपली विद्यापीठं, न्यायालयं, कचेऱ्या, सगळ्यांची पानं ए-फोर मापाची. हे पान २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पट्टी धरली तर ते सव्वाचौदा इंचांच्या किंचित वर भरतं. मी टाचणवहीत हिशेब मांडला. दहा इंचांच्या लांबट टॅबवर हे पान पूर्ण मापाच्या ६४ टक्के दिसतं. अकरा इंचांच्या रुंदट टॅबवर ७६-७७ टक्के. १२.९ इंचांच्या टॅबवर ८८ टक्के. १४.६ इंचांच्या लांबट टॅबवर ९४ टक्के. ६४ टक्क्यांवर दहाच्या टाइपातला मजकूर साडेसहाचा होतो. तो वाचता येतो, पण त्याच्या कडेला लिहिता येत नाही. पान मोठं करावं तर समास पडद्याबाहेर जातो.

आमच्या परंपरेत समासाला, म्हणजे हाशियाला, मोठा मान आहे. मदरशांतली जुनी पुस्तकं ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल : मधोमध मूळ मजकूर आणि चारी बाजूंनी, कधी तिरप्या ओळींत, त्यावरचं भाष्य. कित्येक विद्वानांची ओळखच अमक्या ग्रंथावर हाशिया लिहिणारा अशी आहे. अभ्यास म्हणजे वाचलेल्या पानाच्या कडेला स्वतःचं काही लिहिणं. कडेला जागा नसलेली पाटी वाचकाची होईल, विद्यार्थ्याची होणार नाही.

या कसोटीवर आपल्याच देशातला एक प्रयोग आठवतो. ऑक्टोबर २०११मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅबलेट आणला. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. हेतू चांगला होता. पण पडदा सात इंचांचा, तोही दाबल्याशिवाय ऐकत नसे. त्या पडद्यावर ए-फोर पान निम्म्याहूनही लहान दिसणार. गरीब मुलाच्या हातात आपण स्वस्त पाटी दिली, आणि ती लिहिण्याजोगी आहे का हे विचारायचं राहिलं. आज आपाच्या घरात तीच चूक उलट्या बाजूने होऊ शकत होती : महाग पाटी घ्यायची आणि ती कशासाठी, हे विचारायचं नाही.

म्हणून मी माणसांकडे गेलो.

एक वकील मित्र आहे. त्याच्या मोठ्या टॅबवर चारशे पानांचा खटला असतो. उलटतपासणीच्या आधी तो पेनाने पानोपानी खुणा करतो. तो म्हणतो, गठ्ठे उचलणारी पाठ वाचली. पण अर्ज तो अजूनही कारकुनाकडून संगणकावर टाइप करून घेतो. गणिताच्या एक शिक्षिका आहेत. २०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा त्यांनी काचेवर पेनाने गणितं सोडवून मुलांना दाखवली, आणि आज फळ्यापुढे उभ्या असतानाही टॅब सोडत नाहीत. एक तरुण लेखापाल आहे. त्याने हौसेने टॅब घेतला आणि सहा महिन्यांत बहिणीला दिला, कारण त्याचं टॅली विंडोजच्या संगणकाशिवाय चालत नाही. उर्दूची पानं लावणाऱ्या एका मित्राचंही तेच. इनपेज संगणकावरच चालतं. आणि मी स्वतः आठवडाभर एक उसना टॅब कीबोर्ड लावून वापरला. टेबलावर ठीक होता. एसटीत मांडीवर घेतला तर मागचा टेकू घसरायचा. मूळ इंग्रजी पान अर्ध्या पडद्यावर आणि मराठी अर्ध्या पडद्यावर घेतलं की दोन्हीकडे जागा कमी. पेनाने काढलेलं माझं मराठी अक्षर त्याने ओळखलं, पण जोडाक्षरं आली की चार ओळींत दोनदा अडखळला. कीबोर्डसकट त्याचं वजन सव्वा किलोच्या वर गेलं, म्हणजे हलक्या लॅपटॉपएवढंच. माझ्यासारख्या शब्द विकणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा.

म्हणजे व्यावसायिकांना मोठा टॅब चालतो का, या प्रश्नाला एक उत्तर नाही. दिवसातले जास्त तास हात काय करतो, हे आधी मोजावं लागतं.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सांगितली जाते : हाताने लिहिलेलं लक्षात राहतं. २०१४मध्ये म्यूलर आणि ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं होतं की लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत जातात आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडतात. तो निबंध जगभर गाजला. मात्र नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. त्यामुळे एवढ्या एका आधारावर भिशीचे पैसे खर्च करावेत असं मी म्हणणार नाही. माझा आधार साधा होता. भाचीच्या अभ्यासात रेणूंच्या रचना आहेत, वनस्पतींच्या आकृत्या आहेत, औषधांच्या मात्रांची आकडेमोड आहे. कळांनी होणारं काम थोडं आहे, आणि ते महाविद्यालयाच्या संगणक कक्षात होऊ शकतं.

आठव्या दिवशी मी फोन केला. आपा आणि दुल्हाभाईंनाही ऐकायला बसवलं.

मी सांगितलं : टॅब घ्या, पण बारा इंचांच्या आसपासचा घ्या. दहाचा घेतलात तर पैसे वाया जातील, चौदाचा तिला बसमध्ये पेलणार नाही. काही कंपन्या पेन डब्यातच देतात, काही वेगळं विकतात. किंमत पेनासकट विचारा. झाकणवाला कीबोर्ड घेऊ नका. त्याच्या किमतीच्या लहानशा वाट्यात ब्लूटूथचा साधा कीबोर्ड येतो, तो टेबलावर ठेवून लिहिता येईल. चौथ्या वर्षी प्रोजेक्टचा अहवाल लिहायची वेळ येईल तेव्हा जुना लॅपटॉप बघू, तोवर घाई नाही. आणि टिपणं नेहमी पीडीएफ करून दुसरीकडेही ठेव. चार वर्षांनी कंपनी बदलली किंवा पडदा फुटला तर अभ्यास त्याच्याबरोबर जाता कामा नये. तख्ती फुटली तर लाकूड फुटायचं, आधीच्या वर्षाचा अभ्यास त्यात नसायचा. यात तो असतो.

दुल्हाभाईंनी एकच विचारलं, "परीक्षा त्याच्यावर देता येते का?"

नाही देता येत. विद्यापीठाची परीक्षा आजही तीन तास कागदावर, शाईच्या पेनाने. प्रयोगवही तशीच. काचेवर लिहिणारा हात तीन तास कागदावर लिहून दमतो. म्हणून भाचीला सांगितलं, आठवड्यातून दोन दिवस वहीतच लिहायचं. हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला सुचला.

शेवटी भाचीला एक अट घातली. या पाटीवर पुसणं फार सोपं आहे. दोन बोटं टेकली की शेवटची रेघ नाहीशी होते. मी तिला अल-उक्लिदिसीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आकडेमोड करताना पुसायचं नाही. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मार आणि खाली पुन्हा कर. पान संपलं तर दुसरं फुकट आहे. धुळपाटीवाल्या मुलाजवळ कागद नव्हता, म्हणून तो पुसायचा. तुला पुसायचं कारण नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी सोलापूरला गेलो. अब्बा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. भाचीने टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला, पेन हातात दिलं. "नाना, लिहून बघा." त्यांनी पेनाचं टोक निरखलं. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं, त्या तिरकेपणातूनच अक्षराची जाड-बारीक निघते. हे टोक गोल. त्यांनी एक अलिफ काढला, एक बे काढली आणि पेन परत दिलं. "काच धरत नाही," म्हणाले. "कागद थोडा अडवतो, म्हणून हात सांभाळून चालतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण मोठी आहे. अक्षराला जागा आहे."

रात्री भाचीने तिची टिपणं दाखवली. द्रावण पातळ करण्याचं एक गणित होतं, तिचं उत्तर दहापट आलं होतं. सहा ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या, सगळ्या जागेवर. तिने पेनाच्या टोकाने तिसरी ओळ दाखवली. मिलिलिटरचे लिटर करताना दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. औषधात एवढं चिन्ह सरकलं तर काय होतं, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"मामू, हे मलाच सापडलं," ती म्हणाली. "सरांना विचारावं लागलं नाही."